मौनाचा कारभार

व्हिडिओ कॉलचं सॉफ्टवेअर बोलणाऱ्या माणसासाठी घडवलेलं असतं. जो बोलेल त्याची चौकट उजळते, तोच पडद्यावर पुढे येतो, आणि पंख्याची घरघर वगैरे यंत्र आपणहून गाळून टाकतं. अशा यंत्रासमोर तीस-चाळीस माणसं ठरवून गप्प बसली की त्याची पंचाईत होते. कुणाच्या घरी घड्याळाचे ठोके पडले, कुणाचं कुत्रं भुंकलं, की तीच चौकट झळकते आणि सभेचा मुख्य वक्ता ते कुत्रंच ठरतं. म्हणून सुरुवातीलाच सगळ्यांना माइक बंद ठेवायला सांगतात. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या महामारीमुळे ब्रिटनमधली क्वेकर सभागृहं बंद झाली आणि तिथली मंडळी अशी पडद्यासमोर बसायला लागली. पुढे दारं उघडली, तरी पुष्कळ ठिकाणी पडदा राहिलाच. काही जण खोलीत, काही आपापल्या घरी, आणि खोलीतल्या एका भिंतीवर घरी बसलेल्यांचे चेहरे.

क्वेकर, म्हणजे ‘रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स’, हा इंग्लंडात सतराव्या शतकाच्या मध्यात उभा राहिलेला एक छोटा, हट्टी ख्रिस्ती पंथ. जॉर्ज फॉक्स हा विणकराचा मुलगा त्याचा आद्य प्रवर्तक. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, आणि तो ऐकायला मधे कुणी लागत नाही, एवढंच त्याचं म्हणणं. पण ते त्याने शेवटापर्यंत ताणून धरलं. त्यामुळे ब्रिटनमधल्या क्वेकरांकडे पाळक नाही, वेदी नाही, बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजन नाही. रविवारी लोक साध्या खोलीत समोरासमोर तासभर बसतात. एखाद्याला आतून अगदीच राहवलं नाही तर तो उठतो, चार वाक्यं बोलतो आणि बसतो. त्याला कुणी उत्तर देत नाही, दुरुस्त करत नाही. कधी कुणीच उठत नाही, आणि तो तास वाया गेला असं कुणी म्हणत नाही. शेवटी ठरलेले दोघे हस्तांदोलन करतात, की सभा संपली. पडद्यावर त्याऐवजी सगळे हात हलवतात.

जगातले सर्वांत जास्त क्वेकर आज केनियात आहेत, आणि त्यांच्याकडे पाळकही असतो, प्रवचनही असतं, दणक्यात गाणंही असतं. तेव्हा क्वेकर म्हणजे मौन हे समीकरण ब्रिटन आणि त्या वळणाच्या मंडळ्यांपुरतंच धरावं. ब्रिटनमधले सभासद आता दहा-बारा हजारांच्या घरात आहेत. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या खेड्याएवढे.

दार बंद झाल्यावर काय करायचं, हा प्रश्न या लोकांना २०२० मध्ये पहिल्यांदा पडलेला नव्हता. १६६४ च्या कायद्याने घरच्या माणसांखेरीज पाचांहून अधिक जणांनी सरकारमान्य चर्चबाहेर उपासनेला जमणं गुन्हा ठरवला. इतर पंथ लपूनछपून जमले. क्वेकर उघड जमत राहिले आणि हजारोंनी तुरुंगात गेले. १६८२ मध्ये ब्रिस्टलमधली मोठी माणसं आत असताना त्यांच्या मुलांनी सभा चालू ठेवल्या. १६७० मध्ये लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवरच्या सभागृहाला सैनिकांनी कुलूप ठोकलं, तेव्हा लोक रस्त्यावरच जमले. त्यात विल्यम पेन होता, ज्याने पुढे पेनसिल्व्हेनिया वसवलं. खटला चालला, पण ज्युरी त्याला दोषी ठरवेना. न्यायाधीशाने ज्युरीलाच उपाशी कोंडून ठेवलं, मग दंड केला. तरी ते बारा जण हलले नाहीत. निकालाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येत नाही, हे इंग्लंडच्या कायद्यात त्या प्रकरणातून पक्कं झालं. सभेला इमारत लागत नाही, हे या पंथाने असं भर रस्त्यात सिद्ध केलं होतं. त्या मानाने लॅपटॉप ही सोय म्हणायची.

बर्मिंगहॅमच्या वुडब्रुक या त्यांच्या शिक्षणकेंद्राने तर महामारीच्या आधीपासूनच ऑनलाइन उपासना सुरू केली होती. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या पेंडल हिल केंद्राची सभा २०२० पासून रोज सकाळी साडेआठला पडद्यावर भरते. पुण्यात तेव्हा दिवेलागण होत आलेली असते. अंथरुणाला खिळलेला म्हातारा, शंभर मैलांत दुसरा क्वेकर नसलेली बाई, तान्ह्या मुलाची आई यांना पडद्याने पहिल्यांदाच दर आठवड्याला सभा मिळाली. तक्रारीही आहेत, आणि त्या खऱ्या आहेत. माइक बंद असलेलं मौन हे एक मौन नसतं. ती चाळीस घरांतली चाळीस वेगळी मौनं असतात. खोलीत दुसऱ्याचा श्वास, खोकला, खुर्चीची करकर ऐकू येते, आणि त्या बारीक आवाजांतूनच आपण एकत्र आहोत हे कळतं. शिवाय खोलीत बोलायला उठण्याआधी पायांना निर्णय घ्यावा लागतो. पडद्यावर एक बटण दाबलं की झालं.

इथपर्यंत सगळी ध्यानधारणेच्या एखाद्या शिबिराची गोष्ट वाटेल. पण क्वेकरांचं मौन ध्यानापाशी थांबत नाही. ते मौनातच कारभार करतात, आणि मला या पंथात सगळ्यांत विलक्षण वाटते ती ही गोष्ट. जमाखर्च, गळकं छप्पर, युद्ध, समलिंगी विवाह, कुठलाही विषय असो, सभा मौनाने सुरू होते. मतदान कधीच होत नाही. सभा चालवायला एक क्लार्क नेमलेला असतो. ज्याला बोलायचं तो उभा राहतो आणि क्लार्कने बोलावलं तरच बोलतो. दोन बोलण्यांमध्ये पुन्हा शांतता. सभेचा कल कुठे आहे हे क्लार्कने ओळखायचं, तिथल्या तिथे इतिवृत्ताचा मजकूर लिहायचा आणि वाचून दाखवायचा. मान्य आहे का, असं विचारलं की ब्रिटिश क्वेकर ‘हो’ म्हणत नाहीत, ‘आशा आहे’ असं पुटपुटतात. पुरेसं पुटपुटणं ऐकू आलं की ठराव झाला. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा पाहिलेल्या माणसाला हे परग्रहावरचं वाटेल.

याच रीतीने त्यांनी मोठी कामं केली. १७८७ मध्ये लंडनला गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जी समिती स्थापन झाली, तिच्या बारा संस्थापकांपैकी नऊ क्वेकर होते. १९४७ चं शांततेचं नोबेल ब्रिटिश आणि अमेरिकन क्वेकरांच्या मदतसंस्थांना विभागून मिळालं. पण कौतुकाच्या लेखांत इथेच पूर्णविराम पडतो, आणि ते मला पटत नाही. या रीतीला वेळ लागतो, आणि त्या वेळाची किंमत खोलीत बसलेले लोक देत नाहीत.

पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनमध्ये १६८८ साली चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध अर्ज लिहिला. मासिक सभेने विषय फार गंभीर आहे म्हणून तो त्रैमासिक सभेकडे पाठवला, तिने वार्षिक सभेकडे, आणि तिथे तो बाजूला पडला. पेन स्वतः गुलाम बाळगून होता. १७३८ मध्ये बेंजामिन ले नावाचा जेमतेम चार फुटी माणूस न्यू जर्सीतल्या वार्षिक सभेत उठला, अंगरखा फेकला. आत लष्करी गणवेश आणि तलवार. हातातल्या पुस्तकात त्याने रानफळांच्या लाल रसाची पिशवी दडवली होती. तलवार भोसकून तो ‘रक्ताचा’ रस त्याने गुलाम बाळगणाऱ्या क्वेकरांवर उडवला. त्याला उचलून बाहेर टाकण्यात आलं आणि पंथातूनही वगळण्यात आलं. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदीविक्री करणाऱ्या सभासदांवर कारवाई ठरवली, तेव्हा ले मरणाच्या दारात होता. गुलाम बाळगण्यालाच बंदी आली ती १७७६ मध्ये, पहिल्या अर्जानंतर ८८ वर्षांनी. ले आपलाच होता हे पेनसिल्व्हेनियातल्या त्याच्या मंडळीने मान्य केलं २०१८ मध्ये.

वुडब्रुकची वास्तूही याच हिशेबात येते. ते चॉकलेटवाल्या जॉर्ज कॅडबरीचं घर. १९०३ पासून तिथे क्वेकरांचं शिक्षणकेंद्र झालं. त्याच सुमारास, १९०१ मध्ये, कॅडबरी कंपनीच्या कानावर आलं होतं की तिचा कोको ज्या पोर्तुगीज बेटांवरून येतो, त्या साओ तोमे आणि प्रिन्सिपीमध्ये मजूर गुलामांसारखे राबवले जातात. चौकशी झाली, प्रतिनिधी पाठवले, मंत्र्यांच्या भेटी झाल्या. कोको येत राहिला. खरेदी थांबली १९०९ मध्ये. एका वर्तमानपत्राने हा दुटप्पीपणा छापला तेव्हा कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. ज्युरीने कौल कंपनीच्या बाजूने दिला आणि भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. आपल्या भाषेत, दमडी. याहून नेमका अभिप्राय देणं अवघड आहे.

या वास्तूचा आपल्याशीही धागा आहे. दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी विलायतेत असताना, ऑक्टोबर १९३१ मध्ये, गांधीजी वुडब्रुकला मुक्कामी होते. तिथले प्राध्यापक होरेस अलेक्झांडर त्यांचे स्नेही. १५ ऑगस्ट १९४७ ला, दिल्लीत सोहळा चालू असताना, कलकत्त्यात गांधीजींसोबत तेही होते. मार्जरी साइक्स या क्वेकर शिक्षिका तर गांधीजींनंतर वर्ध्याजवळ सेवाग्रामला येऊन राहिल्या, नई तालीम या गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या शिक्षकांना घडवत राहिल्या आणि भारताच्या नागरिक झाल्या. प्रार्थना आणि सूतकताई एकाच दिनक्रमात बसवणाऱ्या आश्रमात क्वेकर माणसाला परकं वाटण्याचं काही कारण नव्हतं.

२०२१ च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या क्वेकरांची वार्षिक सभा पूर्णपणे पडद्यावर भरली. क्लार्क एका चौकटीत, इतिवृत्ताचा मसुदा दुसरीकडे, हात वर करायला बटण. नजरानजर नाही, कुजबुज नाही. सभेचा कल ओळखायला क्लार्कच्या हाती असतात त्या खुणा निम्म्याहून जास्त गेलेल्या. अशी सभा किरकोळ विषय उरकून उठेल अशी अपेक्षा कुणीही केली असती. तिने वंशभेदाविरुद्ध सक्रिय राहणारं चर्च होण्याची बांधिलकी इतिवृत्तात नोंदवली. पुढल्या वर्षी अटलांटिकपारचा गुलामव्यापार, वसाहतवाद आणि आर्थिक शोषण यांत पंथाचा जो वाटा होता, त्याची भरपाई करण्याचा ठराव झाला. फॉक्स १६७१ मध्ये बार्बाडोसला गेला होता, आणि गुलामांना नीट वागवा, काही वर्षांच्या चाकरीनंतर मोकळं करा, एवढंच सांगून परतला होता. साडेतीनशे वर्षांनी त्याच्या वारसांनी पुढचं वाक्य लिहिलं.

पडद्यामुळे हे झालं असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये अमेरिकेत पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाच्या हत्येनंतर वंशभेदाचा प्रश्न प्रत्येक चर्चच्या दारात उभा होता. एवढं मात्र दिसलं की ज्या रीतीला खोली आणि शरीरं लागतातच असं वाटत होतं, ती त्यांच्यावाचूनही चालली. चालली म्हणजे पूर्वीसारखीच, संथपणे. भरपाईचा शब्द इतिवृत्तात आला. रक्कम किती, कुणाला, कुठल्या मालमत्तेतून, हे पुन्हा समित्यांकडे आणि स्थानिक सभांकडे गेलं. जर्मनटाउनच्या अर्जाचा प्रवास आठवत असेल तर इथे कान टवकारायला हवेत.

वुडब्रुकने २०२३ मध्ये ती जुनी वास्तू सोडली. ती सांभाळणं परवडेना. वर्ग आणि उपासना पडद्यावर चालू राहिल्या. हिशेबाच्या दृष्टीने शहाणपणाचंच. तरी क्वेकरांच्या इमारती फक्त रविवारच्या तासासाठी कधीच नव्हत्या. आठवडाभर त्या स्वस्त भाड्याने दिल्या जातात, आणि ज्यांना दुसरीकडे कुणी जागा देत नाही असे गट तिथे जमतात.

२७ मार्च २०२५ च्या संध्याकाळी लंडनच्या वेस्टमिन्स्टर क्वेकर सभागृहात ‘यूथ डिमांड’ या तरुणांच्या गटाने एक खोली भाड्याने घेतली होती. बोलणं हवामानबदल आणि गाझा यांवर चाललं होतं. त्याच इमारतीत चित्रकलेचा वर्गही चालू होता. वीसहून अधिक पोलिसांनी दार फोडून आत शिरून सहा तरुणींना अटक केली. सार्वजनिक उपद्रवाचा कट रचल्याचा संशय, असं कारण दिलं. क्वेकर सभागृहात अशी अटक झाल्याचं हयात असलेल्या कुणाच्याही आठवणीत नाही, असं पंथाने जाहीर केलं. मौन पडद्यावर बसवता येतं, इतिवृत्तही लिहिता येतं. त्या सहा जणींना बसायला लागली होती ती खोली.