घरची हळदपूड ऑनलाइन बाजारात नेताना

हदगाव तालुक्यात इसापूर धरणाच्या कालव्याचे व विहिरींचे पाणी जेथे मिळते, तेथे हळदीचे पीक घेतले जाते. पुष्कळ घरांतून वर्षाची हळद दळून ठेवण्याची व आप्तेष्टांस पाठविण्याची रीत आहे. याच घरगुती कामातून लहानसा उद्योग उभा राहू शकतो, आणि मोबाइलमुळे आता पुण्या-मुंबईचा ग्राहकही हाकेच्या अंतरावर आला आहे. परंतु गावचा ग्राहक माल हातात घेऊन पाहतो, ओळखीवर विश्वास ठेवतो. दूरच्या ग्राहकास यांपैकी काहीच शक्य नसते. त्यास प्रत्येक वेळी तोच माल मिळाला पाहिजे. ऑनलाइन धंद्याचा खरा पाया हाच होय.

मालाची प्रत

मुंबईतील गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी केवळ चार पाकिटे तयार झाली. पुढे त्यातूनच ‘लिज्जत पापड’ हा मोठा उद्योग उभा राहिला. तेथे पीठ एकाच ठिकाणी मळून भगिनींना दिले जाते, त्या घरी पापड लाटतात व केंद्रावर आणून देतात. हात अनेक असूनही चव एक राहते, ती या व्यवस्थेमुळे.

हळदीतही हेच साधावे. हळकुंड मोडताना कट्कन आवाज आला म्हणजे ते नीट वाळले असे समजावे. कायद्यानुसार पुडीत ओलावा १० टक्क्यांहून अधिक व कुर्कुमिनॉइडचे प्रमाण २ टक्क्यांहून कमी असता कामा नये. चकाकीसाठी कोणताही रंग मिसळू नये. लेड क्रोमेट हे तर विषच होय. मिरची दळलेल्या गिरणीत साफसफाई केल्यावाचून हळद दळू नये. प्रत्येक दळणास क्रमांक द्यावा, तो पाकिटावर छापावा व त्या दळणाचा थोडा नमुना घरी राखून ठेवावा. तक्रार आल्यास दोष कोठे आहे हे त्यावरून कळते. उजेडाने हळदीचा रंग उडतो, म्हणून वेष्टन अपारदर्शक व हवाबंद असावे.

नोंदणी व वेष्टन

घरी तयार केलेला खाद्यपदार्थ विकण्यासही अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. वेष्टनावर हा नोंदणी क्रमांक, उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, वापराची मुदत, सर्व करांसह किंमत, शाकाहारी चिन्ह आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक द्यावा. राज्याबाहेर माल विकावयाचा असल्यास उलाढाल लहान असली तरी वस्तू व सेवा कराची नोंदणी करावी लागते. म्हणून प्रथम महाराष्ट्रातीलच ग्राहक जोडणे सोयीचे. वसमत हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय ते नाव पाकिटावर छापू नये.

हिशेब

अनेक घरगुती धंदे बुडतात ते टपालखर्चात. पुढील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतले आहेत. समजा, २०० ग्रॅमच्या पाकिटास हळकुंडे ३० रुपये, दळण व घट ४, वेष्टन ६ आणि घरच्या माणसांची मजुरी ६, असा ४६ रुपये खर्च आला. विक्री ८० रुपयांस झाली, तर ३४ रुपये सुटले असे वाटते. परंतु एकच पाकीट धाडण्यास टपाल व खोके मिळून ५० रुपये लागले, तर उलट १६ रुपयांचा तोटा होतो. पाच पाकिटे एकत्र पाठविली, तर विक्री ४०० रुपये, उत्पादनखर्च २३० व टपाल-खोके ९० धरून ८० रुपये उरतात. यास्तव किमान एक किलोची मागणी स्वीकारावी, अथवा टपालखर्च निराळा घ्यावा. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर विक्री केल्यास त्यांचे कमिशन व परत आलेल्या मालाचा खर्चही यात धरावा. घरची मजुरी हिशेबात न धरणे म्हणजे गृहिणीचे श्रम फुकट विकणे होय.

आरंभ कसा करावा

पहिल्या हंगामात सर्वच हळकुंडे दळू नयेत. थोडा भाग पुडीसाठी ठेवून उरलेला नेहमीप्रमाणे बाजार समितीत विकावा, म्हणजे घरखर्च अडत नाही. ओळखीच्या वीस-पंचवीस कुटुंबांस मोबाइलवर मालाचे खरे छायाचित्र, वजन व भाव कळवावा. त्यांपैकी किती जण पुन्हा मागणी करतात, यावरून पुढील वर्षीचे प्रमाण ठरवावे. पैसे स्वीकारताना पिन टाकावा लागत नाही. तो मागणारा लबाड समजावा.

मागणी वाढल्यावर बचत गटाच्या भगिनींनी एकत्र येऊन चक्की व वेष्टनयंत्र घेणे किफायतशीर ठरते. त्यासाठी कर्ज व अनुदानाच्या चालू योजनांची माहिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात व ‘उमेद’ अभियानाच्या तालुका कक्षात घ्यावी. यंत्र मात्र मागणी पाहूनच घ्यावे. यंत्र घेतल्याने मागणी येत नाही. एकदा घेतलेली हळद संपल्यावर ग्राहकाने आपण होऊन पुन्हा मागविली, म्हणजे धंदा मार्गी लागला असे समजावे.