सातबारा, सोने आणि व्हिसा : परदेशी शिक्षणाच्या खर्चाचे गैरसमज

“परदेशात शिकायला किती लागतात?” जळगाव-धुळ्यात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारला जातो आणि बहुधा तिथेच थांबतो. समोरचा ‘चाळीस लाख’ म्हणतो. ऐकणारा मनातल्या मनात शेत, प्लॉट आणि सोने यांची बेरीज मांडतो. बेरीज चाळीसच्या पुढे गेली की घर निर्धास्त होते. बँक आणि व्हिसा अधिकारी मात्र वेगळेच तीन प्रश्न विचारतात : पैसा कोणत्या रूपात आहे, कोणाच्या नावावर आहे आणि कोणत्या तारखेला हातात असेल? खानदेशातली बरीच घरे रकमेला कमी पडत नाहीत, या तीन प्रश्नांपाशी अडतात.

“आठ एकर केळी आहे, बँक कर्ज देणारच”

रावेर-यावल पट्ट्यात आठ एकर बागायत म्हणजे मोठी मालमत्ता, याबद्दल वाद नाही. पण शैक्षणिक कर्जासाठी शेतजमीन तारण घ्यायला बँका सहसा तयार नसतात. त्यामागे कायदा आहे. थकीत कर्जाची वसुली कोर्टात न जाता करता यावी म्हणून २००२ साली सरफेसी कायदा आला. त्याच कायद्याच्या कलम ३१ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. शेतकऱ्याच्या संरक्षणासाठी केलेली ही तरतूद. पण जी जमीन सहज विकून वसूल करता येत नाही, ती तारण म्हणून बँकेला कशाला हवी असेल? पीककर्ज त्याच सातबाऱ्यावर मिळते, म्हणून शैक्षणिक कर्जही मिळेल असे गृहीत धरले जाते. दोन्ही कर्जांचे नियम वेगळे आहेत.

बँक मागते ते शहरातले घर किंवा फ्लॅट, बिनशेती प्लॉट, मुदत ठेव. गावठाणातले दुमजली घर दाखवले तर बँकेचा वकील आधी मालकीचा कागद विचारतो. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टी आकारणीचा उतारा आहे, तो मालकीहक्काचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालेल्या गावांत मिळकत पत्रिका मिळू लागली आहे. ती आधीच काढून ठेवलेली बरी.

दुसरी अडचण उत्पन्नाची. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून विवरणपत्र भरलेले नसते. कर्जाला सहअर्जदार वडील आणि त्यांच्या उत्पन्नाचा कागद शून्य! केळीच्या पट्ट्या एका पिशवीत, कापसाच्या पावत्या दुसऱ्या पिशवीत आणि निम्मा व्यवहार रोखीचा. मुलगा अकरावीत असतानाच शेती उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरायला सुरुवात केली, तर कर एक रुपयाही लागत नाही आणि पदवी होईपर्यंत चार-पाच वर्षांचा कागद तयार होतो. सीएची फी सोडली तर याला खर्च नाही, तरीही हे फार थोडे लोक करतात.

बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांच्या पुढे मात्र लागते. परदेशी शिक्षणासाठी सुमारे १५ टक्के वाटा घरचा असावा लागतो. नामांकित विद्यापीठांची यादी करून त्यांच्यासाठी विनातारण मोठे कर्ज देणाऱ्या सरकारी बँकाही आहेत. म्हणून प्रवेश कुठे घ्यायचा हे ठरवण्याआधी ही यादी पाहावी. आपल्याकडे प्रवेश आधी ठरतो आणि बँक नंतर आठवते.

“सोने आहे, पतसंस्थेत ठेवी आहेत. एवढे दाखवले की झाले”

जळगाव सोन्याची बाजारपेठ, त्यामुळे सोन्यावर विश्वास असणारच. पण व्हिसासाठी सोन्याचे मूल्यांकन प्रमाणपत्र हे खात्यातल्या रकमेची जागा घेऊ शकत नाही. ब्रिटनचे उदाहरण घेऊ, कारण तिथले नियम अगदी स्पष्ट लिहिलेले आहेत. पहिल्या वर्षाच्या फीची उरलेली रक्कम आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो. नोव्हेंबर २०२५पासून हा खर्च लंडनमध्ये महिना १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरला जातो. म्हणजे लंडनबाहेर शिकायचे तरी १०,५३९ पौंड फीव्यतिरिक्त. अठ्ठावीस दिवसांत एक दिवस जरी शिल्लक खाली गेली, तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो.

खाते कोणाचे? विद्यार्थ्याचे किंवा आई-वडिलांचे. आपल्या एकत्र कुटुंबात पैसा काकांच्या किंवा मोठ्या भावाच्या खात्यात असतो. “काका काय परके आहेत का?” हा प्रश्न घरात बरोबर असला तरी व्हिसा अर्जात चालत नाही. पैसे आई-वडिलांच्या खात्यात वळवून २८ दिवस नव्याने मोजावे लागतात. पतसंस्थेचेही तसेच. बँकिंग नियामकाच्या देखरेखीखालची संस्था असावी अशी अट आहे आणि पतसंस्था सहकार खात्याच्या नोंदणीखाली येते. पतसंस्थांत ठेवी अडकून एकदा हात पोळलेल्या जळगाव जिल्ह्याला वेगळे सांगायला नको : ठेव वेळेत मोडून बँकेत आणावी.

सोने तारण कर्ज हा मार्ग लोकांना सोपा वाटतो. ५ लाखांवरच्या सोने तारण कर्जात किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, आणि एकरकमी फेडीचे कर्ज बहुधा वर्षभरात मिटवावे लागते. शिक्षण दोन वर्षांचे आणि कर्ज बारा महिन्यांचे, हे गणित मधल्या दिवाळीत अडते. मुदत ठेव पिकायला किंवा केळीची कापणी व्हायला दोन महिने बाकी आहेत आणि फीची तारीख उद्यावर आली आहे, एवढ्या मधल्या गरजेसाठी मात्र ते ठीक आहे.

“शिकताना व्याज लागत नाही”

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर साधारण वर्षभर हप्ता लागत नाही. व्याज मात्र पहिली रक्कम उचलल्या दिवसापासून चढत असते.

समजा, यावलच्या एका आप्पांनी मुलीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी साडेदहा टक्क्यांनी ३० लाखांचे कर्ज काढले. पहिल्या वर्षी १५ लाख उचलले, दुसऱ्या वर्षी १५. दोन वर्षे शिक्षण, एक वर्ष सवलत. तीन वर्षांनी सरळव्याज ७ लाख ८७ हजार ५०० रुपये. ते मुद्दलात मिळवून दहा वर्षांची फेड धरली तर हप्ता ५१ हजारांच्या पुढे जातो. आप्पांनी दरमहा फक्त व्याज भरले असते, म्हणजे पहिल्या वर्षी १३,१२५ आणि पुढे २६,२५० रुपये, तर हप्ता ४०,५०० रुपयांच्या आत राहिला असता. काही बँका शिकतानाच व्याज भरणाऱ्याला दरात थोडी सवलतही देतात. केळीवाल्याकडे दरमहा पैसे येत नाहीत हे खरे. पण कापणीचा पैसा आला की वर्षाचे व्याज एकदम भरता येते, बँक त्याला नाही म्हणत नाही.

व्याजावर आयकरात वजावट मिळते, तिला रकमेची कमाल मर्यादा नाही आणि ती आठ वर्षे घेता येते. पण ती फक्त जुन्या करप्रणालीत, आणि कर्ज बँकेचे किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचे असेल तरच. मामांकडून घेतलेल्या हातउसन्या पैशांवर नाही.

सरकार व्याज भरते, असेही ऐकू येते. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची केंद्राची ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३पासून बंद झाली. २०२४ची पीएम विद्यालक्ष्मी योजना फक्त भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे. इतर मागासवर्गीयांसाठी मात्र राज्याच्या महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, आणि तिच्यात परदेशी शिक्षणासाठीचे २० लाखांपर्यंतचे कर्ज धरले जाते. लेवा पाटील, माळी, तेली अशा घरांतून तिची चौकशी व्हायला हवी तेवढी होत नाही.

“जर्मनीत शिक्षण फुकट”

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही, हे खरे. पण बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य २०१७पासून युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४च्या हिवाळी सत्रापासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांना सत्रामागे ४ ते ६ हजार युरो लावले. फी नसली तरी राहण्या-खाण्याचे काय? व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात आधीच भरावे लागतात आणि तिथे गेल्यावर त्यातून महिना ९९२ युरो मिळतात. हा पैसा खर्चायचा आहे, नुसता दाखवायचा नाही. त्याआधी कागदपत्र पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र. तेही १८,००० रुपये भरून, कित्येक आठवडे आधी मागवावे लागते.

“तिकडे काम करून भागवेल”

ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, ऑस्ट्रेलियात पंधरवड्याला ४८, कॅनडात आठवड्याला २४, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. अमेरिकेत पहिल्या वर्षी साधारणपणे विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५चे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड होते. वीसच्या वीस तास काम मिळाले तरी महिन्याचे साधारण १,०५८ पौंड होतात, म्हणजे लंडनबाहेरचा सरकारने धरलेला खर्चही पूर्ण निघत नाही. फी तर दूरच. शिवाय नवख्याला पहिल्या आठवड्यात काम लागत नाही. या कमाईतून किराणा निघतो, असा हिशेब धरावा. व्हिसा अधिकारीही ही संभाव्य कमाई निधीत मोजत नाहीत.

“बाहेर पैसे पाठवले की वीस टक्के टॅक्स कापतात”

कापतात तो टीसीएस (स्रोतावर गोळा केलेला कर), आणि तो जादा कर नाही. तो पाठवणाऱ्याच्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरल्यावर करात वळता होतो किंवा परत मिळतो. १ एप्रिल २०२५पासून वर्षाला १० लाखांपर्यंत तो लागतच नाही. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवलेल्या पैशांवर तर मुळीच नाही. वीस टक्के दर आहे तो भेट, गुंतवणूक वगैरे कारणांसाठी. शिक्षणाचा दर त्या मानाने किरकोळ. म्हणून बँकेच्या अर्जावर पैसे पाठवण्याचे कारण ‘परदेशी शिक्षण’ असेच लिहावे. विवरणपत्र न भरणाऱ्या शेतकऱ्याचा हा पैसा मात्र सरकारकडेच पडून राहतो. पुन्हा तोच कागद आडवा येतो.

“स्कॉलरशिप मिळाली, आता घरचा खर्च नाही”

बाबासाहेब आंबेडकर १९१३मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर : तीन वर्षे, महिना साडेअकरा पौंड. बदल्यात बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याचा करार. मुदत संपली आणि १९१७मध्ये लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२०मध्ये ते पुन्हा गेले तेव्हा पैसा तीन ठिकाणांहून उभा केला होता : सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून पाच हजारांचे कर्ज.

आजही शिष्यवृत्तीचा अर्थ योजनेनुसार बदलतो. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत पूर्ण फी, निर्वाह भत्ता आणि विमानभाडे येते. पण जागा ७५, आणि विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरच्या फळीतले लागते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी विकास विभागाची वेगळी योजना आहे. धुळे, नंदुरबार, तळोदा आणि यावल इथे प्रकल्प कार्यालये आहेत, चौकशीला मुंबई गाठायची गरज नाही. १८९२पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची ‘कर्ज शिष्यवृत्ती’ परत फेडायची असते. के. सी. महिंद्राची बिनव्याजी, पण तीही फेडायचीच. आणि विद्यापीठ स्वतः जी ‘वीस टक्के स्कॉलरशिप’ देऊ करते, ती बहुतेकदा फीतली सूट असते. हातात काही येत नाही.

सरकारी शिष्यवृत्ती मंजूर झाली तरी निकाल आणि पहिला हप्ता सत्र सुरू होण्याच्या तोंडावर येऊ शकतो. तोवर प्रवेश टिकवण्याची अनामत रक्कम, व्हिसा शुल्क आणि ब्रिटनला जायचे तर आरोग्य अधिभार (एक वर्षाच्या मास्टर्ससाठी साधारण १,१६४ पौंड) घरूनच भरावा लागतो. हे पैसे कुठून आणायचे, हे अर्ज करतानाच ठरलेले असावे.

“पंचवीस लाखांत डॉक्टर”

रशिया, किर्गिझस्तान, जॉर्जिया. पॅकेज सांगणारा फी आणि वसतिगृह धरतो. परदेशी वैद्यकीय पदवीबाबतच्या भारताच्या २०२१च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, मग भारतातली पात्रता परीक्षा आणि पुन्हा इथे इंटर्नशिप. पात्रता परीक्षेत अलीकडे बहुतेक वेळा एक तृतीयांशही उमेदवार उत्तीर्ण होत नाहीत, तेव्हा तयारीची एक-दोन वर्षे आणि क्लासची फीही त्यात धरायला हवी. ‘नीट’ परीक्षेची पात्रता तर लागतेच.

“आज हिशेब बसला, म्हणजे बसला”

२०२४च्या सुरुवातीला डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, डिसेंबर २०२५मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. दुसऱ्या वर्षाची फी २५,००० डॉलर असेल तर एवढ्यानेच पावणेदोन लाखांचा फरक पडतो, विद्यापीठाने फी एक डॉलरनेही वाढवली नाही तरी. कर्ज रुपयांत मंजूर होते आणि फी डॉलरमध्ये भरायची असते. म्हणून मंजुरी घेतानाच गरजेपेक्षा दहा टक्के जादा रक्कम मागून ठेवावी. न उचललेल्या रकमेवर व्याज चढत नाही. नंतर वाढवून मागायला गेले तर बँक नवे उत्पन्नाचे कागद आणि तारणाचे नवे मूल्यांकन मागते, आणि तोवर फीची तारीख निघून गेलेली असते.