अपमानाची भाषा आणि महागाईभत्त्याचा हिशेब

परंपरा, प्रांत, धर्म किंवा राष्ट्र धोक्यात आहे आणि त्याचे रक्षण केले पाहिजे, या सुरात बोलणाऱ्या माध्यमांना पुराणमतवादी म्हटले, तर ही माध्यमे कष्टकऱ्यांच्या मनाचा ठाव घेतात आणि कष्टकऱ्यांच्या हितासाठीच जन्मलेल्या पुरोगामी चळवळी त्यांच्यापासून दुरावतात, हे कोडे अलीकडे प्रामुख्याने अमेरिकेच्या संदर्भात मांडले जाते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी २०१६ सालच्या आपल्या ग्रंथात लुइझियानातील गोऱ्या कष्टकऱ्यांची मनोभूमिका रांगेच्या प्रतिमेतून उलगडली आहे: आपण वर्षानुवर्षे रांगेत उभे आहोत, पुढे कोणीतरी घुसत आहे आणि घुसणाऱ्याला सरकारच हात देत आहे, ही ती भावना. मराठी वाचकाला ही रांग ओळखीची वाटावी, कारण परळ-लालबागच्या गल्ल्यांत ती साठ वर्षांपूर्वीच लागली होती, आणि तिचे एक टोक पुढे दादरा-नगर हवेलीतील सिल्वासापर्यंत पोचले.

भावनेला हात घालणे ही मुळात डाव्यांचीच कला होती, हे आज सहसा विसरले जाते. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी उभारलेल्या लाल बावटा कलापथकाने गिरणी कामगाराला अर्थशास्त्राचे धडे दिले नाहीत. गावी राहिलेली बायको, खोलीतली गर्दी आणि मुकादमाची अरेरावी यांना त्याने तमाशाचा बाज दिला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात भाषेचा अभिमान आणि कामगाराचा प्रश्न एकाच व्यासपीठावरून बोलत होते, कॉम्रेड डांगे आणि आचार्य अत्रे यांच्या सभांना तोच माणूस जात होता. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले आणि संयुक्त महाराष्ट्र समिती विस्कटली. अभिमानाची ती भावना मात्र कुठे गेली नाही. ती मोकळी, बेवारस झाली.

१३ ऑगस्ट १९६० रोजी बाळ ठाकरे यांनी सुरू केलेल्या 'मार्मिक' या व्यंगचित्र साप्ताहिकाने तिला घर दिले. कंपन्या आणि कचेऱ्यांतील दाक्षिणात्य अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या त्यात 'वाचा आणि थंड बसा' या मथळ्याखाली छापल्या जात. पुढे मथळा 'वाचा आणि उठा' असा झाला. एखाद्या पदावर कोण बसला आहे हे सांगणारी यादी, ते पद कोणामुळे नाकारले गेले याचा पुरावा ठरत नाही, आणि मुंबईच्या गिरण्यांचे मालक तर दाक्षिणात्य नव्हतेच. परंतु यादी वाचणाऱ्याला पुराव्याची गरज नव्हती, कारण ती त्याला केवळ तू गरीब आहेस असे सांगत नव्हती, तर तुझा अपमान झाला आहे असे सांगत होती, आणि गरिबीची लाज वाटते तिथे अपमानाचा राग येतो.

या काळातील डाव्या संघटनांची अडचण केवळ भाषेची नव्हती. महागाईभत्ता, बोनस आणि वेतनमंडळ यांचा त्यांचा हिशेब चोख होता, पण तो ज्याला नोकरी आहे त्याच्यासाठी होता. गैरहजर कामगाराच्या जागी काम मिळेल या आशेने रोज गिरणीच्या दारात उभा राहणारा बदली, आणि त्याहून अधिक म्हणजे मॅट्रिक होऊन चाळीच्या जिन्यात बसलेला कामगाराचा मुलगा, हे दोघे त्या हिशेबात नीट बसत नव्हते. १९ जून १९६६ रोजी स्थापन झालेल्या शिवसेनेला तो मुलगा मिळाला. बाप लाल बावट्याचा आणि मुलगा सेनेचा, अशी घरे गिरणगावात दिसू लागली. यात हिंसेचा वाटाही मोठा होता, तो भावनेच्या विवेचनात झाकून टाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल: डिसेंबर १९६७ मध्ये परळच्या दळवी बिल्डिंगमधील गिरणी कामगार युनियनच्या कार्यालयावर हल्ला झाला आणि ५ जून १९७० रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई पराभूत झाल्या आणि वामनराव महाडिक सेनेचे पहिले आमदार झाले.

महाराष्ट्राबाहेरचा सेनेचा पहिला लोकसभा विजय सिल्वासात व्हावा, ही मात्र गिरणगावाच्या तर्कात न बसणारी गोष्ट आहे. दादरा-नगर हवेलीत करसवलतींमुळे कारखाने आले, परप्रांतीय कामगार आले, आणि २००१ च्या जनगणनेत सुमारे ६२ टक्के असलेले अनुसूचित जमातींचे प्रमाण २०११ मध्ये सुमारे ५२ टक्क्यांवर उतरले. रांगेची भावना पेटवायला याहून कोरडे गवत कोणते? तरीही इथला दीर्घकाळचा नेता, मोहन डेलकर, स्थानिक आदिवासी कामगारांच्या प्रश्नावर उभा राहिला, १९८९ पासून सात वेळा खासदार झाला, आणि या प्रवासात तो अपक्षही होता, काँग्रेसचाही आणि भाजपचाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये डेलकर यांचा मुंबईत मृत्यू झाला, त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत पत्नी कलाबेन सेनेच्या चिन्हावर ५० हजारांहून अधिक मताधिक्याने निवडून आल्या, आणि २०२४ मध्ये त्याच कलाबेन भाजपच्या चिन्हावर. मतदाराने मत दिले ते कारखान्याच्या दारात आणि दुःखाच्या प्रसंगी ओळखीच्या असलेल्या घराला; सेनेच्या 'सामना' या दैनिकाचे अग्रलेख इथल्या खानवेल-दुधनीच्या पाड्यांवर कितीसे वाचले जात असतील?

दादरा-नगर हवेलीच्या सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, तलासरी आहे. १९४५ साली गोदावरी परुळेकर यांनी वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभे केले ते पत्रके वाटून नव्हे, वाचता न येणाऱ्या माणसांत जाऊन राहून. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार झाला, माणसे मेली, पण लाल बावटा खाली आला नाही. तलासरी ज्यात मोडते त्या डहाणू विधानसभा मतदारसंघाने २०१९ मध्ये मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले निवडून दिले, आणि २०२४ मध्ये, राज्यभर उलटे वारे वाहत असताना, पुन्हा त्यांनाच.