समुद्रावरील हांक
किनारा दृष्टीआड झाला कीं खिशांतील मोबाइल लवकरच मुका होतो, ही गोष्ट हौशी नौकाविहारी मंडळींच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. हवामानाचें ॲप, भरती-ओहोटीचें कोष्टक, हें सारें निघण्यापूर्वीं पाहण्यास उत्तम. पण मनोरा दूर राहिला कीं संभाषण संपलें. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांकही त्या टप्प्यांतच उपयोगी. उपग्रहांमुळें स्वतःचें स्थान मात्र कळत राहतें. यास्तव नकाशा घरींच फोनमध्यें उतरवून घ्यावा.

याहून महत्त्वाचा भेद निराळाच आहे. फोन एकाच माणसाच्या कानीं पडतो, व्ही. एच. एफ. रेडिओच्या सोळाव्या वाहिनीवरील, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झवरील, हांक टापूंतील सर्व जहाजांस ऐकूं जाते. अर्थात् ऐकणारा जागा हवा! १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडत असतां ‘कॅलिफोर्नियन’ जहाज जवळच होतें, परंतु त्याचा एकुलता एक बिनतारी यंत्रचालक निजला होता. अखंड पहाऱ्याचा आग्रह त्यानंतर धरला गेला.

संकटांत ‘मेडे’ हा शब्द त्रिवार उच्चारावा. मग नौकेचें नांव, स्थान, संकटाचें स्वरूप व माणसांची संख्या सांगावी. ह्या लहरी बहुतेक सरळ रेषेंत जातात, त्यामुळें होडींत बसून हातांतील यंत्रावर मारलेली हांक थोड्याच मैलांपर्यंत पोहोंचते. अँटेना डोलकाठीवर उंच बांधल्यास पल्ला वाढतो.