रजिस्टर कपाटात राहायचं, मोबाईल घरी येतो

अंगणवाडीची सेविका रजिस्टर घेऊन बसली की घरातले समजून घ्यायचे, बाई कामात आहे. तीच आता रात्री मोबाईल घेऊन बसली की सासूबाई म्हणतात, "सारखं काय त्या मोबाईलमध्ये डोकं घालायचं!" काम तेच, पण हातात मोबाईल दिसला की ते कुणाला काम वाटत नाही. बचत गटांच्या निमित्ताने सातारा-सांगलीच्या गावांतून फिरताना हे गाऱ्हाणं मी अनेकींकडून ऐकते.

एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ साली सुरू झाली. सेविकांचा सगळा हिशेब वर्षानुवर्षं वह्यांमध्ये असे. २०१८ मध्ये पोषण अभियान आलं, पाठोपाठ सरकारी स्मार्टफोन आले आणि मार्च २०२१ पासून 'पोषण ट्रॅकर' ॲप. मुलांची हजेरी, वजन-उंची, गरोदर आणि स्तनदा मातांच्या नोंदी, आहारवाटप, सगळं त्यात भरायचं.

फायदा नाही असं मी म्हणणार नाही. वजन-उंची भरली की मूल कुपोषित आहे का, ते लगेच कळतं. तक्त्यावर ठिपके देत बसायला नको.

मग बिनसतं कुठे? पहिले फोन दोन जीबी रॅमचे. ॲप उघडलं की अडकायचे, तापायचे. दुरुस्तीचा खर्च सेविकेच्या माथी, वर ॲप इंग्रजीत. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी ते फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच.

जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी लाभार्थीच्या चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं. त्याआधी आधारची पडताळणी, म्हणजे ओटीपी आला. आता पाटण-जावळीकडचे कितीतरी पुरुष मुंबईला माथाडी कामावर! आधारला नंबर त्यांचा. भर दुपारी पाठीवर गोणी असताना तो ओटीपी कसा सांगणार? "रात्री करा फोन," म्हणतो. झालं, सेविकेची रात्र त्यात गेली. वाडीत रेंज नसेल तर टेकाडावर जाऊन उभं राहायचं. त्यात ग्रुपवर निरोप येतो, "आजच्या आज माहिती पाठवा." तो रात्री नऊलाही येतो. इकडे भाकरी तव्यावर आणि पोराचा अभ्यास तसाच.

या कामाला मिळतं ते मानधन, पगार नव्हे. पण सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क देताना सांगितलं, की त्यांच्या कामाला अर्धवेळ म्हणता येणार नाही. मग रात्रीचे हे तास कुठे धरायचे?

फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून मोकळं राहण्याचा हक्क कायद्यात आहे. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत असंच खाजगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झालेला नाही. झाला तरी मानधनावरच्या बाईपर्यंत तो पोचायला हवा.

तोवर आपल्या हातात काय आहे? पर्यवेक्षिकाताईंनी ग्रुपवर संध्याकाळी सहानंतर तातडीचं सोडून निरोप टाकू नयेत, हे मासिक बैठकीत सगळ्यांनी मिळून मागावं. एकटीने बोललं की ती एकटीच डोळ्यावर येते. घरातल्या बाईचा नंबर आधारला जोडून घ्यायला बचत गटाने मदत करावी. कामाचा फोन आणि रिचार्जचे पैसे वेळेवर मिळावेत, हा तर तिचा हक्कच आहे.

आणि सासूबाई, सून रात्री मोबाईल घेऊन बसली तर एकदा डोकावून बघा. कदाचित ती तुमच्याच आळीतल्या एखाद्या बाळाचं वजन भरत असेल. तेवढ्या वेळात भाजी तुम्ही किंवा घरातल्या पुरुषाने परतली तर काय बिघडलं?