स्वतंत्र संघाचे बारा शनिवार



गांवच्या जत्रेंत कुस्त्यांचा फड भरतो, तेव्हां हलगीच्या आवाजाआड एक काम शांतपणें चाललेलें असतें. पंचमंडळी जोड लावीत असतात. कोणत्या मल्लानें कोणाशीं झुंजावें, इनाम किती ठेवावें, हें तेथें ठरतें. जोड दुबळी लागली तर लोक हंसतात. फार जबर लागली तर तालमीची अब्रू जाते. आज मी ज्या विषयावर बोलणार आहें तो अमेरिकेंतील आहे. परंतु त्याचें मर्म ह्या जोड लावण्यांतच आहे. तेथील विद्यापीठांचे फुटबॉल-संघ आपले प्रतिपक्षी कसे ठरवितात, आणि विशेषतः जो संघ कोणत्याच मंडळांत सामील नाहीं त्याला हें कसें साधतें, तें सांगण्याचा विचार आहे.

अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपल्याकडील पायानें खेळावयाचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातांत घेऊन धांवावयाचें, तो पुढें फेंकावयाचा, आणि प्रतिपक्षाच्या गड्यांनीं अंगावर येऊन अडवावयाचें, असा तो दांडगाईचा पण डावपेंचांनीं भरलेला खेळ आहे. विद्यापीठांचे सामने बहुतेक शनिवारीं होतात. ऑगस्टच्या अखेरीस हंगाम सुरू होतो व नोव्हेंबरच्या अखेरीस संपतो. २००६ सालापासून प्रत्येक संघाला नेहमींचे बारा सामने मिळतात. बारा शनिवार, बारा प्रतिपक्षी. सारें गणित एवढ्यावरच चालतें.

आतां हे बारा भरावयाचे कसे? बहुतेक विद्यापीठें ह्याचा विचार फारसा करीत नाहींत, कारण त्यांच्यासाठीं तो दुसरेच करतात. पांचपंचवीस मैलांपासून शेंकडों मैलांपर्यंतचीं विद्यापीठें एकत्र येऊन मंडळ स्थापितात. तिकडे त्याला कॉन्फरन्स म्हणतात. ‘बिग टेन’ हें असें जुनें मंडळ १८९६ सालचें आहे. मंडळ आपल्या सभासदांचे आठ किंवा नऊ सामने परस्परांशीं लावून देतें. उरलेले तीन-चार काय ते ज्याचे त्यानें पाहावयाचे. ज्याला मंडळच नाहीं त्याला मात्र बाराही स्वतःच जमवावे लागतात. २०२५ च्या हंगामांत वरच्या श्रेणींतील असे स्वतंत्र संघ दोनच राहिले होते, कनेक्टिकट आणि नोटर डेम. ह्यांपैकीं नोटर डेमची हकीकत मोठी बोधक आहे.

इंडियाना संस्थानांत साउथ बेंड नांवाच्या शहराजवळ हें कॅथॉलिक विद्यापीठ १८४२ सालीं स्थापन झालें. १८८७ सालीं मिशिगन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीं तेथें येऊन हा खेळ शिकविला व पहिला सामना खेळला. पण गुरूला शिष्याची वाढ नेहमींच रुचते असें नाहीं. १९०९ सालीं नोटर डेमनें मिशिगनला ११-३ असें हरविलें; दुसऱ्या वर्षीं कांहीं खेळाडूंच्या पात्रतेविषयीं वाद काढून मिशिगननें ठरलेला सामना मोडला, व तो संबंध १९४२ पर्यंत जुळला नाहीं. शेजारच्या मंडळांतही नोटर डेमला प्रवेश मिळेना. अर्ज एकाहून अधिक वेळां केले, ते फेटाळले गेले. नियमांचीं कारणें पुढें करण्यांत आलीं. कॅथॉलिकांविषयींचा आकसही त्यांत होता, असें पुष्कळ इतिहासकारांचें म्हणणें आहे. स्वतंत्रपणा ह्या संघानें प्रथम हौसेनें पत्करला नव्हता. शेजाऱ्यांनीं दारें लावून घेतलीं म्हणून तो अंगीं आला.

१९१३ सालीं जेस हार्पर नांवाचे मार्गदर्शक तेथें आले. शेजारीं कोणी खेळावयास मिळेना, म्हणून त्यांनीं दूरदूरच्या विद्यालयांना पत्रें लिहिलीं. वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयानें होकार दिला व येण्याजाण्याच्या खर्चापोटीं एक हजार डॉलर देऊं केले. त्या वर्षीं १ नोव्हेंबरला नोटर डेमचीं मुलें आगगाडीनें तेथें गेलीं. चेंडू पुढें फेंकण्याची युक्ति नियमांत होती, पण फारसें कोणी तिचा नेटानें उपयोग करीत नसे. गस डोराइसनें चेंडू फेंकावा आणि नूट रॉकनीनें तो झेलावा, असा सपाटा लावून त्यांनीं लष्करी संघाला ३५-१३ असें हरविलें. केवळ पत्रव्यवहारानें मिळालेल्या एका सामन्यानें ह्या विद्यापीठाचें नांव पूर्वेकडील वर्तमानपत्रांत झळकलें. शाळेंत असतांना सामन्यांसाठीं दुसऱ्या शाळांना पत्रें लिहिण्याचें काम माझ्याकडेही कांहीं वर्षें होतें. उत्तर येण्याची वाट पाहणें म्हणजे काय, तें मला ठाऊक आहे.

तोच रॉकनी १९१८ पासून संघाचा मार्गदर्शक झाला. त्याच्या घरचें मैदान लहान, तिकिटांचें उत्पन्न बेताचें. तेव्हां त्यानें मोठ्या शहरांकडे मोर्चा वळविला. न्यूयॉर्क, शिकागो येथील विशाल मैदानांवर त्याचा संघ खेळूं लागला. त्या शहरांतील कॅथॉलिक कामकरी लोकांनीं कधीं विद्यापीठाचें तोंडही पाहिलें नव्हतें, तरी ते ह्या संघाला आपला मानूं लागले. १९२६ पासून पश्चिम किनाऱ्यावरील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशीं सामने सुरू झाले. पहिला नोटर डेमनें अवघ्या एका गुणानें, १३-१२ असा जिंकला. १९२९ सालीं तर घरीं नवें प्रेक्षागार बांधावयास घेतल्यामुळें सगळेच सामने परगांवीं खेळावे लागले, आणि त्याच वर्षीं हा संघ राष्ट्रांत अव्वल ठरला. शेजाऱ्यांनीं वाळींत टाकलेल्या संघाला अशा रीतीनें सबंध देश हेंच अंगण झालें.

आतां करारांकडे वळूं. सामान्यतः दोन तऱ्हा आहेत. बरोबरीच्या संघाशीं अदलाबदलीचा करार होतो: यंदा तुम्हीं आमच्याकडे यावें, पुढें आम्हीं तुमच्याकडे येऊं, ज्याच्या घरीं सामना, त्याचें तिकिटांचें व प्रक्षेपणाचें उत्पन्न. दुसरी तऱ्हा पाहुण्याला ठरीव रक्कम देऊन बोलावण्याची. त्यांत परतभेट नसते. दुसऱ्या तऱ्हेची गरज कां पडते, तें साध्या अंकगणितानें कळेल. बाराही सामने अदलाबदलीचे धरले तर सहा घरीं व सहा बाहेर. परंतु घरच्या एका सामन्यावर विद्यापीठाचेंच नव्हे तर सबंध गांवाचें उत्पन्न अवलंबून असतें, म्हणून मोठ्या संघाला घरीं सात तरी हवेत. तो सातवा विकत घ्यावा लागतो.

विकत घेतलेला पाहुणा नम्रपणें हरून जाईल, असा ह्यांत अध्याहृत समज असतो. तो नेहमीं खरा ठरत नाहीं. २०२४ च्या सप्टेंबरांत नोटर डेमनें नॉर्दर्न इलिनॉय ह्या लहान विद्यापीठाला चौदा लाख डॉलर देऊन बोलाविलें, आणि तो पाहुणा १६-१४ असा जिंकून, वर रक्कमही घेऊन घरीं गेला. त्याच्या आदल्याच आठवड्यांत नोटर डेमनें टेक्सस एअँडएमसारख्या बलाढ्य संघाला त्याच्या घरीं हरविलें होतें! सुदैवानें पुढें संघ सांवरला व २० जानेवारी १९२५ नव्हे, २०२५ रोजीं राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. तेथें ओहायो स्टेटनें त्याला ३४-२३ असें हरविलें.

स्वतंत्र संघाची खरी अडचण पैशाची नसून पंचांगाची आहे. सप्टेंबरांत प्रतिपक्षी वाटेल तितके मिळतात, कारण मंडळांतील संघ आपले मोकळे सामने तेव्हांच उरकतात. ऑक्टोबर उजाडला कीं प्रत्येक मंडळाचे अंतर्गत सामने सुरू होतात, आणि नोव्हेंबरांत तर कोणाला सवड म्हणून नसते. १९९० च्या सुमारास पेन स्टेट, फ्लॉरिडा स्टेट, मायामी असे मोठे स्वतंत्र संघ एकामागून एक मंडळांत शिरले, तसतसे नोटर डेमचे उत्तरार्धांतील सोबती कमी होत गेले. १९९९ सालीं बिग टेन मंडळांत जाण्याची संधि आली होती. ज्या दारावर एके काळीं अर्ज नाकारले गेले तेंच दार आतां उघडें होतें. पण विश्वस्तांनीं नको म्हटलें.

त्यांना नको म्हणणें परवडलें, ह्याचें एक कारण दूरचित्रवाणी होय. पूर्वीं कोणते सामने दाखवावयाचे हें एक राष्ट्रीय संस्था ठरवीत असे. १९८४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो मक्ता बेकायदेशीर ठरविला, आणि १९९१ पासून नोटर डेमचे घरचे सामने एनबीसी ही एकच कंपनी देशभर दाखवूं लागली. मंडळांतील सभासद उत्पन्न वांटून घेतात. येथें वांटेकरी नाहीं. २०२४ पासून जे गृहस्थ तेथें क्रीडाप्रमुख झाले, ते पूर्वीं ह्याच कंपनीच्या क्रीडाविभागाचे अध्यक्ष होते, हेंही जातां जातां सांगून ठेवतों.

तरीही नोव्हेंबरचा प्रश्न सुटेना. शेवटीं २०१२ च्या सप्टेंबरांत अटलांटिक किनाऱ्यावरील एसीसी ह्या मंडळाशीं एक चमत्कारिक तडजोड झाली. इतर खेळांत नोटर डेमनें मंडळाचें सभासद व्हावें, फुटबॉलांत स्वतंत्र राहावें, मात्र २०१४ पासून दर वर्षीं सरासरीनें पांच सामने मंडळाच्या संघांशीं खेळावे. पांच जागा भरल्या. पण त्यासाठीं कोणाला तरी उठवावें लागणार होतें. त्याच महिन्याच्या २२ तारखेस मिशिगनशीं सामना होता. तो सुरू होण्यापूर्वीं नोटर डेमच्या क्रीडाप्रमुखांनीं मिशिगनच्या क्रीडाप्रमुखांच्या हातीं एक लखोटा दिला. तीन वर्षांच्या सूचनेच्या कलमाप्रमाणें सामने बंद करीत असल्याचें पत्र त्यांत होतें. १९१० चा हिशेब कोणी मनांत ठेवला होता कीं काय, कोण जाणे.

नौदलाच्या विद्यालयाला मात्र कोणी उठवीत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत विद्यार्थी लढाईवर गेल्यामुळें नोटर डेमची तिजोरी रिकामी होत चालली होती. तेव्हां नौदलानें आपल्या अधिकाऱ्यांचें शिक्षण त्या आवारांत ठेवलें व विद्यापीठ तगलें. नौदलाची इच्छा असेल तोंवर सामना होत राहील, असें वचन त्या उपकाराची आठवण म्हणून दिलें गेलें. १९२७ पासून २०१९ पर्यंत तो एकही वर्ष चुकला नाहीं. २०२० च्या सांथीनें खंड पाडला व पुढल्या वर्षीं तो पुन्हां सुरू झाला. १९६४ पासून २००६ पर्यंत ओळीनें त्रेचाळीस वर्षें नौदल हरलें, तरी दर साल येत राहिलें. २००७ सालीं त्यानें तीन जादा डावांनंतर ४६-४४ असा विजय मिळविला. माझ्या मतें ह्या बारांतला सर्वांत चांगला सामना हाच, त्यांत खेळ कसाही होवो.

स्वतंत्रपणाची किंमत २०२५ सालीं रोकडी मोजावी लागली. पहिला सामना मायामीशीं, तो २७-२४ असा गमावला. दुसरा टेक्सस एअँडएमशीं, तो एका गुणानें. पुढले दहाही जिंकले. राष्ट्रीय अजिंक्यपदासाठीं बारा संघ निवडावयाचे होते. मंडळांचे अजिंक्यपदाचे सामने चालले असतां स्वतंत्र संघाला घरीं बसून पाहण्यावांचून गत्यंतर नसतें. आदल्या आठवड्यापर्यंत निवडसमितीच्या यादींत नोटर डेम मायामीच्या वर होतें. ७ डिसेंबरला अखेरची यादी लागली तेव्हां मायामी आंत आणि नोटर डेम बाहेर. दोघांचेही दहा विजय, दोन पराभव. पण ऑगस्टांतील त्या सामन्यांत मायामी जिंकलें होतें. मायामी एसीसीचाच सभासद, आणि मंडळानें त्याची बाजू जाहीरपणें मांडली ह्याचा नोटर डेमला विषाद वाटला. संघानें दुय्यम सामन्याचें आमंत्रणही नाकारलें. पहिल्याच आठवड्यांत एवढा जबर प्रतिपक्षी घेतला नसता तर, असें म्हणणारे निघाले. पण दुबळे बारा घेतले असते तर समितीनें विचारलेंच नसतें, हेंही तितकेंच खरें.

पुढील वर्षांचीं पानें आतांच भरूं लागलीं आहेत. एसीसीमधील क्लेमसनशीं २०२७ ते २०३८ असा बारा वर्षांचा करार २०२५ सालीं जाहीर झाला. सदर्न कॅलिफोर्नियाशीं मात्र त्याच वर्षीं बोलणीं अडलीं. तें विद्यापीठ २०२४ पासून बिग टेन मंडळांत गेलें आहे. मंडळाचे नऊ सामने तेथें खेळावयाचे म्हणून नोटर डेमशीं होणारा सामना हंगामाच्या आरंभींच उरकावा, असा त्याचा आग्रह होता. नोटर डेमला तो आपल्या जुन्या वेळींच हवा होता, कारण ऑक्टोबर-नोव्हेंबरांतील एक जागा रिकामी झाली तर ती भरावयास दुसरें कोणी मिळणें कठीण असतें.