भीमसेनाची काठी आणि विदुराची गुप्त पत्रे

शिलेवर कोरलेला लेख हा इतिहासाचा विश्वसनीय साक्षीदार मानला जातो. परंतु त्या साक्षीदाराची लिपीच कोणास कळेनाशी झाली, तर त्याच्या तोंडी कोणीही काहीही घालू शकतो. सम्राट अशोकाच्या स्तंभलेखांची आणि पश्चिम भारतातील लेण्यांमधील दानलेखांची नेमकी हीच अवस्था कित्येक शतके होती. त्या काळातील काही प्रसंग असे आहेत की, ते वाचताना हसू आवरत नाही. मात्र हसून झाल्यावर त्यांचा विचारही करावा लागतो.

पहिला प्रसंग १४व्या शतकातील आहे. दिल्लीचा सुलतान फिरोझशाह तुघलक याने आजच्या हरियाणातील तोपरा येथे एक प्रचंड पाषाणस्तंभ पाहिला. सुमारे १३ मीटर उंचीचा हा एकसंध स्तंभ दिल्लीस नेण्याचे त्याने ठरविले. इतिहासकार शम्स-ए-सिराज अफीफ याने या खटाटोपाचे सविस्तर वर्णन केले आहे. स्तंभ पडताना भंगू नये म्हणून त्याच्याभोवती सावरीच्या कापसाचे ढीग रचण्यात आले. त्यास बोरू व कच्चे कातडे गुंडाळण्यात आले. ४२ चाकांच्या गाड्यावर तो चढविला गेला, हजारो माणसांनी तो ओढला आणि यमुनेतून नावांवरून तो दिल्लीस पोहोचला. हा स्तंभ म्हणजे पांडव भीमसेनाची गुरे हाकण्याची काठी होय, अशी तेव्हा लोकसमजूत होती!

स्तंभावरील अक्षरे वाचण्यासाठी सुलतानाने विद्वान ब्राह्मणांना पाचारण केले. कोणासही ती वाचता आली नाहीत. तथापि, काहींनी त्यांचा अर्थ सांगितला, अशी नोंद अफीफ करतो. तो अर्थ असा : पुढील काळात फिरोझ नावाचा मुसलमान राजा जन्मास येईपर्यंत हा स्तंभ कोणालाही जागचा हलविता येणार नाही! स्तंभ तर आधीच हलविला गेला होता. घडून गेलेल्या गोष्टीचे भविष्य सांगणे हे तसे बिनधोक काम. शिवाय त्याने राजाही प्रसन्न होतो.

१७व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात थॉमस कोर्याट हा इंग्रज प्रवासी भारतात आला. दिल्लीचा स्तंभ अलेक्झांडरने उभारला असून त्यावरील लेख ग्रीक आहे, असे त्याने लिहून ठेवले. एकाला त्यात महाभारत दिसले, दुसऱ्याला ग्रीस. ज्याला जे हवे होते, ते त्याला दगडावर सापडले.

तिसरा प्रसंग आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे. १८व्या शतकाच्या अखेरीस पुण्याच्या पेशवे दरबारातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट यांनी वेरूळ आदी लेण्यांतील लेखांचे ठसे मिळविले. ते काशी येथे फ्रान्सिस विल्फर्ड यांच्या हाती आले. विल्फर्ड यांना तेथे एक वृद्ध पंडित भेटला. अनेक प्राचीन लिप्यांची किल्ली असलेला संस्कृत ग्रंथ आपणापाशी आहे, असे त्याने सांगितले आणि ते लेख घडाघडा वाचून दाखविले. त्याच्या मते ती पांडवांची गुप्त पत्रे होती! वनवासात पांडवांना मनुष्यमात्राशी बोलण्यास बंदी होती. म्हणून विदुर आणि व्यास हे आधी ठरलेल्या सांकेतिक अक्षरांत खडकांवर छोटे छोटे निरोप कोरून ठेवीत. हे वाचन विद्वानांच्या नियतकालिकात गांभीर्याने प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात ते संपूर्णपणे कपोलकल्पित होते. पुढे दुसऱ्या एका पंडिताने पोथ्यांत फेरफार करून आपणास फसविल्याचे विल्फर्ड यांच्या ध्यानी आले आणि १८०५ मध्ये त्यांनी ते जाहीरपणे मान्य केले.

खरी किल्ली सापडली ती १८३७ साली. कलकत्त्याच्या टांकसाळीतील अधिकारी जेम्स प्रिन्सेप हे सांची स्तूपाच्या कठड्यांवरील लहान लहान लेखांचे ठसे तपासत होते. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, हे त्यांच्या लक्षात आले. स्तूपाच्या परिसरात लोक कशाची नोंद करतील? दानाची! ती अक्षरे ‘दानं’ अशी वाचली गेली. त्याआधी वारंवार येणारे अक्षर म्हणजे ‘अमुक व्यक्तीचे’ या अर्थाचा षष्ठीचा ‘स’ होय, हेही उलगडले. एका सामान्य उपासकाच्या दानाने भारतीय इतिहासाचे बंद दार उघडले. स्तंभांवरील ‘देवानंपिय पियदसि’ म्हणजे सिंहलचा राजा असावा, असे प्रिन्सेप यांना प्रथम वाटले होते. परंतु श्रीलंकेतील जॉर्ज टर्नर यांनी ‘दीपवंस’ या पाली ग्रंथाच्या आधारे पियदस्सी म्हणजे अशोकच, हे दाखवून दिले आणि प्रिन्सेप यांनी आपले मत तत्काळ बदलले.

मग भीमसेनाच्या त्या काठीवर काय निघाले? त्यात फिरोझ नव्हता आणि अलेक्झांडरही नव्हता. माणसांना व पशूंना सावली मिळावी म्हणून रस्त्यांच्या कडेला वड लावले, आमराया वाढविल्या, विहिरी खोदविल्या, असे एक राजा आपल्या प्रजेस सांगत होता.

नाशिकच्या लेण्यांची कथाही अशीच उद्बोधक आहे. लोक त्यांना ‘पांडवलेणी’ म्हणतात. परंतु तेथील एकाही दानलेखात पांडवांनी ती कोरल्याचा उल्लेख नाही. १०व्या लेण्यात उषवदाताने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी, म्हणजे कायम ठेव, नोंदविली आहे. त्यांपैकी २००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा १ या व्याजाने ठेवले होते. हिशेब करावा : महिन्यास २०, वर्षास २४० कार्षापण. वर्षावासातील २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२, म्हणजे बरोबर २४०! जेथे द्रौपदीचे स्वयंपाकघर शोधले जाते, तेथे असा चोख जमाखर्च कोरलेला आहे. ८व्या लेण्यात तर मुगुदास नावाच्या ‘दासका’चे, म्हणजे अभ्यासकांच्या मते एका कोळ्याचे, सपरिवार दान नोंदविलेले आहे.

येथे हसू थांबते. लेणी पांडवांची ठरली की मुगुदास आणि त्याचे कुटुंब, ते विणकर, ते भिक्खू हे सारे इतिहासातून पुसले जातात. आपल्या श्रमाची आणि श्रद्धेची नोंद या माणसांनी दगडावर करून ठेवली होती; तरीही श्रेय भलत्यांनाच मिळाले. लिपी अज्ञात असणे हा दोष नव्हे. अज्ञात असूनही ती ज्ञात असल्याचे भासविणे आणि इतरांनी त्यावर निमूटपणे विश्वास ठेवणे, हा दोष होय. परंपरेने सांगितले, ग्रंथात आहे किंवा सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नये, हा कालाम सुत्तातील उपदेश येथे तंतोतंत लागू पडतो.

आज अनेक उपासक-उपासिका लेण्यांवर जाऊन धम्मलिपी शिकत आहेत. त्यांनी आरंभ ‘दानं’ आणि ‘देयधम’ या दोन शब्दांपासून करावा. एवढे दोन शब्द ओळखता आले, तरी लेण्यातील भिंतीसमोर उभे राहून पांडवांची कथा सांगणाऱ्यास आपण नम्रपणे विचारू शकतो, ‘हे आपण कोठे वाचले?’